आठवा दगड

(शेणवा, २००४. भातलावणीचे दिवस. ओटीवर जुन्या कॅलेंडरची पाठ पसरून धाकटी जाऊ वैष्णवी पेन्सिलीने काहीतरी काढत बसली आहे. थोरली, रत्ना, शेतावरून आत्ताच आली आहे.)

रत्ना : तुझं बरं हाय गो, बसल्या जागी चित्रं काढायची. आमी सकाळपासून चिखलात. ह्या काय, भाकऱ्या काढल्यास?

वैष्णवी : दगड आहेत, ताई. नदीतले. उद्या क्लासमध्ये कॉम्प्युटरवर असंच पेज करायचंय, त्या दोन बहिणींच्या कवितेचं. एक बहीण या काठाला, एक त्या काठाला. दगडावर क्लिक केलं की एक कडवं उघडतं. मग पुढचा दगड. असं करत नदी ओलांडायची.

रत्ना : म्हंजे कविता वाचायची नाय, तिच्यातून चालत जायचं.

वैष्णवी : बघा! सरांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला होता.

रत्ना : त्यात काय समजायचं? सातवीत अख्खी पाठ होती मला. गुरुजी मलाच उभी करायचे म्हणायला. पण दगड सातच दिसतात गो.

वैष्णवी : सातच काढलेत.

रत्ना : आन् मी सांगितलेलं आठवं कडवं? विसरलीस?

वैष्णवी : कसं विसरेन?
‘तुझ्या काठी पडे ऊन, माझ्या काठी नाही गं;
तुझं लुगडं वाळलं, माझं ओलं राही गं.’
तुम्ही म्हणालात, जुन्या पुस्तकात होतं, नंतर गाळलं. मी तसंच सरांना दिलं. परवा त्यांनी सगळ्या क्लाससमोर तीनदा वाचून घेतलं. म्हणाले, अख्ख्या कवितेत हेच काळजाला लागतं.

रत्ना : सर म्हणाले? काळजाला?

वैष्णवी : मी काल मुरबाडला गेले होते, ताई. तुमच्या गुरुजींकडे.

रत्ना : माझ्या? कशाला गेलीस?

वैष्णवी : सरांना जुन्या पुस्तकातल्या पानाचा फोटो पाहिजे होता. गुरुजींनी ट्रंकेतून काढून दिलं पुस्तक. त्यात सात कडवी आहेत. त्याच्या आधीच्या पुस्तकातही सातच.

रत्ना : म्हातारे झाले ते आता.

वैष्णवी : सातही घडाघडा म्हणून दाखवली त्यांनी. म्हणाले, आठवं नव्हतंच कधी.

रत्ना : मग नसेल.

वैष्णवी : ताई, माझ्याकडे बघून सांगा.

रत्ना : मीच जुळवलं. लावणी करता करता. तुझं हसं व्हावं म्हणून. झालं समाधान?

वैष्णवी : हे पेज जमलं तर सर मला दिवाळीपासून शिकवायला ठेवणार आहेत. ठाऊक होतं ना तुम्हाला?

रत्ना : ठाऊक होतं म्हणून तर केलं! जळते मी तुझ्यावर, तोंडावर सांगते. तू क्लासवरून आलीस का आत्या सासू असून उठून तुझ्यासाठी चा ठेवतात. मी आले का विचारतात, म्हशीला पानी दावलं का. दीपेश भावजी तुला गाडीवरून स्टँडपर्यंत सोडतात. मी वर्गात पहिली होते गो! सातवी झाली आन् बाबा म्हणाला, बास आता. तुला किती मार्क होते सातवीत?

वैष्णवी : बेचाळीस टक्के.

रत्ना : बघ!

वैष्णवी : गुरुजींनी विचारलं तुमच्याबद्दल. रत्ना काय करते म्हणून.

रत्ना : काय सांगितलंस?

वैष्णवी : शेती बघते म्हटलं.

रत्ना : हं. मग काय म्हणाले?

वैष्णवी : पुस्तक परत ट्रंकेत ठेवलं.

रत्ना : त्यांना नसतं सांगितलंस तर काय बिघडत होतं?

वैष्णवी : आता माझंपण ऐका. आठवं खोटं निघालं तेव्हा मला आनंद झाला. खरंच झाला. वाटलं, सुटले, आता काढून टाकता येईल. महिनाभर ही नदी मी कागदावर मांडतेय. पाणी कुठं, दगड कुठं, कुठल्या शब्दावर क्लिक केलं की त्याचा अर्थ येईल. आणि सर अडकले कुठं, तर तुमच्या दोन ओळींवर. माझ्या नदीबद्दल एक शब्द बोलले नाय!

रत्ना : जळलीस?

वैष्णवी : जळले. खूप जळले.

रत्ना : बरं वाटलं ऐकून.

वैष्णवी : मग सातच ठेवते.

रत्ना : ठेव. सर विचारतील ना, आठवा कुठं गेला?

वैष्णवी : सांगेन, जावेनं फसवलं.

रत्ना : सांग. खरंच हाय ते.

वैष्णवी : (सातव्या दगडाची कड पुन्हा गिरवते.)

रत्ना : आन् ठेवलास तर?

वैष्णवी : कवीच्या नावावर नाय ठेवता येणार. वेगळा ठेवावा लागेल, हा इथं, पाण्याच्या बाहेर, काठावर. क्लिक केलं की कडवं येईल आणि खाली तुमचं नाव. पण मग सर मला कशाला ठेवतील? तुम्हालाच बोलावतील.

रत्ना : मला कुठं तो माऊस धरता येतो? ठेवतील तुलाच. नदी तर तूच काढलीस. चांगली काढलीस गो. पानी वाहतंय असं वाटतं.

वैष्णवी : हे आधी बोलायला काय झालं होतं?

रत्ना : तोंडातून निघत नव्हतं.

वैष्णवी : सरका जरा, उजेड येऊ दे. हा काढला आठवा. नाव काय टाकू? आपल्या घरचं?

रत्ना : माहेरचं टाक. रत्ना धाऊ गोजर. इयत्ता सातवी.

वैष्णवी : सातवी कशाला? जुळवलं तर आत्ता ना.

रत्ना : टाक तू. गुरुजींनी बघितलं तर ओळखतील.

वैष्णवी : टाकलं.

रत्ना : दाबलं का दिसेल?

वैष्णवी : दिसेल.

रत्ना : आन् परत दाबलं का?

वैष्णवी : मिटेल. सगळ्या दगडांना तसंच ठेवणार आहे.

रत्ना : ह्या एकाला नको ठेवू गो तसं.