अमर्याद नेटाचं आख्यान

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. माणसाला जास्त कोण फसवतं — परका का घरचा? "परका" म्हणालात. बरं. मागचे काका हळूच "घरचा" म्हणाले, त्यांच्या सौभाग्यवती आज आलेल्या नाहीत वाटतं. हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं मी हसू देणार नाही. मला आज राग आलाय.

ऐका. संगमनेरात रंगनाथराव शिरोळकर म्हणून गृहस्थ. बँकेतून निवृत्त. घरात मुलगा मकरंद, सून कल्याणी. कल्याणी लग्नाआधी पुण्यात नोकरी करायची. लग्न झालं, मूल झालं, नोकरी सुटली. आणि इतक्या वर्षांनी एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. काम घरी बसून, मुलाखतही घरूनच, कॉम्प्युटरवर! पोरीच्या जिवात जीव आला. म्हणून घरात नेट घ्यायचं ठरलं.

आणणार कोण? रंगनाथराव! माणूस भारी चिकित्सक. मेथीची जुडी घ्यायची तरी सगळा बाजार फिरणार. निघाले पायात चपला सरकवून.

आतून कल्याणी म्हणाली, "बाबा, घ्यायच्या आधी मला जरा सांगायचं होतं. मुलाखतीला लागतं ते—"

"तुला त्यातलं काय कळतंय, सूनबाई? मी बघतो ना!"

आणि मकरंद? नवरा आहे की तो! मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही.

पहिल्या कंपनीचं नेट स्वस्त, पण नेटच्या डब्याचं, त्या राउटरचं, भाडं वेगळं. दुसरीची जोडणी फुकट, पण वायरचे पैसे दर मीटरमागं. कर कुणीच किमतीत धरलेला नाही. म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. रंगनाथरावांनी हे बरोबर पकडलं, मी म्हणतो शाबास. तिसरीकडं गुंजाळ दुकानदार. तो म्हणाला, "काका, वर्षाचे एकदम भरा. कर आत, डबा आत. आणि नेट अमर्याद."

"अमर्याद म्हणजे अमर्यादच ना?"

"छापलंय बघा."

झालं! नेट आलं. रंगनाथरावांनी मोठ्या टीव्हीवर क्रिकेट लावलं. सकाळी क्रिकेट, दुपारी क्रिकेट, जुन्या मॅचसुद्धा सोडल्या नाहीत.

मुलाखतीचा दिवस उजाडला. कल्याणीनं मूल शेजारी दिलं, चांगली साडी नेसली, बसली. दोन वाक्यं झाली नि चित्र अडकलं. आवाज तुटायला लागला. "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणून बिचारी घसा फोडतेय. पलीकडची बाई म्हणाली, "नेट असं असेल तर घरून काम कसं करणार?" संपलं. नोकरी गेली.

पेटीवाले, थांबा. इथं सूर नको.

रंगनाथराव तणतणत दुकानात. "अमर्याद म्हणाला होतात!"

गुंजाळ शांत. "काका, बंद कुठंय? चालूच आहे. ठरल्यापेक्षा जास्त वापरलं की वेग कमी होतो. पावतीच्या मागं लिहिलंय."

अरे, आमच्याकडं अमर्याद कुणाला म्हणतात ठाऊक आहे? वडीलधाऱ्यांपुढं ज्याला लाज राहत नाही, त्याला! शब्द बरोबरच छापलाय हो त्यांनी, स्वतःला शोभेलसा!

रंगनाथराव घरी आले. म्हणाले, "सूनबाई, कंपनीनं आपल्याला फसवलं."

कल्याणी साडीची घडी घालत होती. म्हणाली, "बाबा, कंपनीनं पावतीच्या मागं तरी लिहिलं होतं. तुम्ही तर मला बोलूसुद्धा दिलं नाहीत."

आता सांगा, परका का घरचा?

गुंजाळाला शिव्या घालायला मीही येतो, चला. पण घरातल्या रंगनाथाचं काय? तुम्ही फ्रिज आणलात, चार दुकानं फिरून. मुलीला स्थळ पाहिलंत, चार घरं तोलून. जिला तो फ्रिज उघडायचाय, जिला तिथं नांदायचंय, तिला विचारलंत? मी किमतीचं विचारत नाहीये. तिला विचारलंत का, एवढंच विचारतोय!

आता आरतीला उठाल. उठताना बायकांच्या बाजूला एकदा बघा. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या कधीच्या देऊन बसल्यात. मला इथून त्यांचे चेहरे दिसतायत. तुम्ही माना खाली घातल्यात, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.