हेरिन ‘सॉरी’ म्हणाली तर

आजच्या या घरगुती निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय संजीवजी, व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या आपल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ सभासद चित्रलेखाताई, शनिवारच्या गणिताच्या वर्गातली सगळी मुलं, त्यांचे आईबाबा, आणि जिच्यासाठी आपण स्कोफिल्ड्सच्या या हॉलमध्ये जमलो आहोत ती आपली हेरिन, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी फ्रेडा तुस्कानो. मूळची वसईची. हेरिन तीन वर्षं माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, नॉर्बर्टच्या घरी राहिली, म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. चार शब्दांत मी कधी थांबत नाही, हे चित्रलेखाताईंना ठाऊक आहे. त्यांनी आधीच घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

आपल्या उर्वीला, वेदला अपूर्णांक शिकवणारी ही मुलगी दक्षिण कोरियातल्या देगू शहरातून इथे सिव्हिल इंजिनीअरिंग शिकायला आली. तिची आमची ओळख चर्चमध्ये झाली आणि ती आमच्याकडे राहायला आली. पहिला आठवडाभर ती खोलीतून जेवायलाच तेवढी बाहेर यायची. एका रविवारी मी सुकट परतत होते. वास आला तशी धावत किचनमध्ये आली आणि म्हणाली, “आंटी, माझ्या आईच्या घराचा वास!” त्या दिवसापासून आमचं जमलं.

घरात जमलं. युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मात्र जमेना.

आता बघा, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे. सासऱ्यांना आपण तू म्हणू का? कोरियन भाषेत याहून कडक. समोरचा मोठा की लहान, त्यावर वाक्याचा शेवटच बदलतो. आणि इथे पहिल्याच दिवशी तिचे लेक्चरर म्हणाले, “मी ग्लेन. ग्लेनच म्हणा.” पोरगी घाबरली! शिक्षकांना नावाने हाक मारायची? त्यांना नुसतं ‘यू’ म्हणायचं? त्यापेक्षा न बोललेलं बरं. ट्युटोरियलमध्ये बाकीची मुलं एकमेकांचं वाक्य तोडून बोलायची आणि ही वाट बघायची, की सर आपलं नाव घेऊन विचारतील. ग्लेन माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, हिला काही येत नाही.

आणि मग हिने एक रिपोर्ट दिला. ओढ्यावरच्या पायपुलाचा. इतका सुरेख, इतक्या नेटक्या इंग्रजीत, की कुणाचा विश्वासच बसेना. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी असं लिहील? कुठल्याशा सॉफ्टवेअरने सांगितलं, हे यंत्राने लिहिलंय. युनीचं नाव मी घेत नाही. तिघांच्या समितीपुढे हजर राहा, असा ईमेल आला.

तिने आम्हाला सांगितलंच नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघायची, संध्याकाळी परत यायची. जेवण कमी झालं. विचारलं की, “ऑल गुड, आंटी.” आईलाही फोनवर तसंच काहीतरी सांगत असावी. आवाज हसरा, चेहरा पांढरा. परक्याची लेक आपल्या घरात आहे, तिला काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवणार?

एका दुपारी मी पॅरामॅटाला ऑफिसमधून लवकर सुटले. लाइट रेलच्या स्टॉपवर हेरिन बसलेली. एक ट्राम आली, गेली. दुसरी आली, गेली. ही उठेचना. मी शेजारी जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. ईमेल मी तिथेच वाचला. ती किती दिवसांत वर्गात गेलीच नव्हती, हेही तिथेच कळलं.

मी विचारलं, “तू लिहिलंयस ना हे?”

“हो, आंटी.”

“मग तसं सांग त्यांना!”

ती म्हणाली, “पण सर म्हणतात, मी नाही लिहिलं. सर चुकले असं मी कसं म्हणू?”

त्या संध्याकाळी नॉर्बर्ट समिती झाला. जेवणाच्या टेबलापलीकडे बसला, चष्मा नाकावर ओढला आणि दरडावून म्हणाला, “हा रिपोर्ट तुम्ही स्वतः लिहिला का?”

हेरिन उठून उभी राहिली, वाकली आणि म्हणाली, “आय ॲम सॉरी.”

“अगं बाई, सॉरी कशाला? तिथे सॉरी म्हणजे कबुली!”

पुन्हा प्रश्न. पुन्हा, “आय ॲम सॉरी.” तिच्याकडे मोठ्यांसमोर बोलणं तिथूनच सुरू होतं, त्याला ती काय करणार? आमची लेक रेनी सोफ्यावरून ओरडली, “जस्ट से नो, मेट!” हेरिनने मान डोलावली. तिसऱ्यांदाही सॉरीच. नॉर्बर्टने कपाळावर हात मारला. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण तो एक शब्द तिथे तोंडातून गेला, तर डिग्री जाणार, व्हिसा जाणार आणि न केलेल्या चोरीचा डाग घेऊन ही पोर देगूला परत जाणार.

समितीपुढे सोबतीला एक माणूस नेता येतो. मी रजा टाकून गेले. दारातच सांगण्यात आलं, तुम्ही बसू शकता, बोलू शकत नाही. मला! माझ्या घरच्यांना विचारा ही शिक्षा केवढी.

समोर दोन पुरुष, मध्ये एक बाई. बाजूला ग्लेन. बाईंनी शांतपणे विचारलं, “हा रिपोर्ट तू स्वतः लिहिलास?”

हेरिन उभी राहिली. वाकली. “आय ॲम सॉरी...”

मी डोळे मिटले. हातातली जपमाळ इतकी घट्ट धरली की मणी रुतले. त्या दोघांतले एक गृहस्थ टिपून घेत होते, त्यांचं पेन चाललेलं मला ऐकू येत होतं. उठून ओरडावंसं वाटलं. बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात त्या बाईंनीच विचारलं, “सॉरी कशाबद्दल?”

मग हेरिन म्हणाली, “मी प्रोफेसरांच्या विरुद्ध बोलणार आहे, म्हणून सॉरी. रिपोर्ट माझा आहे.”

ग्लेनने मान वर केली. त्यानेच विचारलं, “मग सांग, मधला खांब का नाही घेतलास? तो घेतला असता तर पूल स्वस्त झाला असता.”

आणि ही बोलायला लागली! आमच्या घरामागचा ओढा ती पावसानंतर प्रत्येक वेळी बघायला जायची, नॉर्बर्टला छत्री घेऊन सोबत न्यायची. पाण्याबरोबर फांद्या येतात, मधल्या खांबाला अडकतात, पाणी तुंबतं, बाजूच्या घरांत शिरतं. व्याकरण चुकत होतं, पण ती थांबली नाही. ग्लेन विचारत गेला, ती सांगत गेली. एकदा तर, “नो, दॅट इज नॉट करेक्ट,” असंही म्हणाली आणि स्वतःच दचकली.

निकाल लगेच नाही लागला. वाट बघत दिवस काढले. मग एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. हेरिन कधी फोन करत नाही, मेसेजच करते. “आंटी,” म्हणाली आणि पुढे आवाजच नाही. काय काय मनात आलं माझ्या, विचारू नका. मग हुंदका आणि, “दे बिलीव्ह मी.”

सगळं गोड झालं असं मात्र नाही. वर्ग बुडवले होते, त्यामुळे दुसऱ्या एका विषयात ती नापास झाली. तो पुन्हा करावा लागला. ग्लेनला ती आजही प्रोफेसरच म्हणते. त्याने हट्ट सोडला.

आता ती ॲडलेडला नोकरीला चालली आहे. साइटवर धिप्पाड, अनुभवी माणसं असतील, त्यांना हिने सांगायचं की तुमचं काम चुकलंय. जमेल का तिला? कोण जेवलीस का विचारेल? खोटं कशाला बोलू, मला झोप लागत नाही.

काल तिचं सामान भरत होते. मी माझा चांगला प्रेशर कुकर बॅगेत ठेवला. तिने तो बाहेर काढला. मी परत ठेवला. तिने परत काढला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, “नो, आंटी. मला त्याच्या शिट्टीची भीती वाटते. तीन वर्षं वाटते.”

तीन वर्षं! रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ही दचकत होती आणि एक अक्षर बोलली नाही. मी आधी पोट धरून हसले. मग तिला जवळ घेतलं, आणि रडूच आलं. मला तोंडावर ‘नाही’ म्हणाली माझी पोर!

मंडळाने हा सोहळा घडवून आणला, आपण वेळात वेळ काढून आलात, अध्यक्षांनी मला आवरलं नाही, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. हेरिन, ये बाळा. आता तू बोल.