आई गेल्यानंतरची चाल

नुसत्या वाद्यांनी गोष्ट सांगता येते का, असं विचारताय ना? मग रामभाऊंचं ऐका. बहात्तर सालचं आहे. माझी बायको शालिनी तेव्हा हयात होती. ती नगरच्या एका शाळेत संगीत शिकवायची. तिनं वाद्यवृंदासाठी आई आणि लेकीची गोष्ट रचली होती, एकही शब्द न वापरता. आईची चाल व्हायोलिनवर, लेकीची क्लॅरिनेटवर. मध्यावर आई मरते. त्यानंतर तिची चाल पुन्हा वाजायची नाही, लेकीची एकटीच उरते. शालिनीची सगळी मदार त्या एकटेपणावर होती.

क्लॅरिनेटला श्रीगोंद्याच्या लग्नाच्या बँडमधले रामभाऊ होते. तालमी चोख झाल्या. दोन दिवस प्रयोग ठरले होते. पहिल्याच दिवशी आई गेली, व्हायोलिन थांबलं, आणि भरल्या सभागृहात रामभाऊंनी क्लॅरिनेटवर आईचीच चाल धरली.

पडदा पडताच शालिनीनं त्यांना गाठलं.

"रामभाऊ, वाट लावलीत माझ्या गोष्टीची! आई मेली होती ना?"

"व्हय, मेली की."

"मग तिची चाल कुणी म्हटली?"

"लेकीनं, बाई. आय गेली तरी लेक जात्यावर बसली की आयच्याच ओव्या म्हनती. दुसऱ्या कुठनं आनायच्या तिनं?"

शालिनीनं स्वरलिपीची वही उघडली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

"अहो, पेन्सिल द्या जरा. उद्याही प्रयोग आहे."