ड्रॉप इन करा कधीपण

नाही, पण मग म्हणायचं कशाला? कोणी गळ्यावर सुरी ठेवली होती? माणूस माझ्या घरी आला, माझ्या खुर्चीत बसला, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायला आणि निघता निघता स्वतःच्या तोंडाने म्हणाला, "बाबुराव, ड्रॉप इन करा कधीपण." आता ड्रॉप इन म्हणजे काय? न कळवता सहज डोकावणे. अर्थ मला पाठ होता! मोबाइलवर इंग्लिशचा क्लास लावलाय मी, फुकट आहे, पण क्लास तो क्लास. आणि गेलो डोकवायला, तर माणसाचं तोंड असं झालं... थांबा, तोंडाचं नंतर सांगतो. त्या तोंडावर त्या वेळी भलतंच काहीतरी होतं.

तर माणूस म्हणजे हितेंद्रराव. आमचा पोरगा संघर्ष लोअर परळला ज्या ऑफिसात आहे, त्याच ऑफिसात त्यांची मुलगी पूर्वी. दोघांनी आपापसात लग्नाचं ठरवलंय. ठरवलंय तर ठरवलंय, मुलगी गोड आहे, आल्या आल्या चप्पल काढून आमच्या हिच्या, कौसल्येच्या शेजारी लसूण सोलायला बसली, आपल्याला अजून काय पाहिजे? पण मोठ्यांनी भेटायला नको? म्हणून हितेंद्रराव आमच्या करी रोडच्या चाळीत आले. आले म्हणजे लांबून नाही हां. रस्ता ओलांडला, बस. आमच्या गॅलरीत उभं राहून मान वर केली की त्यांचा टॉवर दिसतो. त्यांना वरून आमची कौलं दिसत असतील.

आता हे येणार, इंग्लिश फाडणार, हे पूर्वीने आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं फाडू देत. शिवडीच्या गोदामात सुपरवायझर होतो मी, इंग्लिशला घाबरलो नाही कधी. फक्त त्यांच्या क्रियापदांची ती जोडशेपटं जरा पक्की करून घेतली. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर... एक गेट, त्याला हजार दरवाजे. सकाळी गॅलरीत दात घासता घासता मी वाक्यं म्हणायचो. "कौसल्ये, वुई हॅव रन आऊट ऑफ कोथिंबीर!" तर ही आतून, "मग उतरा खाली आणि आणा, बोंबलताय कशाला?" शेजारच्या मीराबाई म्हणतात, "भाऊजी, नुसतं रन म्हणा, आऊट आपोआप व्हाल."

हसू नका. आणि तुम्हाला सांगतो, इंग्रजांनी काही मोठा शोध लावलेला नाही. आपलं बघा ना. खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बघ. खाणं एकच, पण आई कधी काय म्हणते त्यावरून पोराला कळतं आज भाजी काय आहे. हे आपण आईच्या मांडीवर शिकलो आणि त्यांचं मात्र क्लास लावून शिकायचं.

तर हितेंद्रराव बसले. मी ठेवणीतली वाक्यं काढली. "प्लीज सिट डाऊन. फॅन टर्न ऑन करू?" माणूस खूश. "नो नो, आय ॲम गुड," वगैरे. सगळं मस्त चाललं होतं. मग चहाचा कप तोंडाला लावताना त्यांची नजर वर गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आमच्या, शेजारी बुद्धमूर्तीची छोटी फळी. नजर तिथे जरा जास्त वेळ थांबली. पूर्वीने घरी सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि समोर बघणं वेगळं, खरं की नाही? कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबुराव, वुई विल गेट बॅक टू यू." आणि मग दारात, ते दुसरं. "ड्रॉप इन करा कधीपण."

गेट बॅक टू यू! अर्थ मला पाठ होता. विचार करून उत्तर कळवणे. मी वाट बघतोय. आठवडा गेला, महिना गेला. फोन वाजला की कौसल्या किचनमधून पदराला हात पुसत येते, तर फोन कोणाचा, क्रेडिट कार्डवाल्याचा. शेवटी संघर्ष म्हणाला, जेवणाचं ताट पुढे सारून म्हणाला, "पप्पा, आमच्याकडे ऑफिसात गेट बॅक टू यू म्हणजे नाही."

मी म्हटलं, "नाहीला नो आहे ना त्यांच्यात? दोन अक्षरी! मग हे म्हणायचं कशाला?"

पोरगा उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, मान वर करून. तुम्हाला सांगतो, मला फार लागलं ते. एवढा उंच पोरगा, आणि मान वर करून बघतोय.

मग मी म्हटलं, माणूस दोन गोष्टी बोलला. एक त्यांनी करायची होती, ती त्यांनी केली नाही. दुसरी आपण करायची आहे. आपण करायची!

रविवार दुपार. रविवारी दुपारी कोणाकडे जायचं नाही तर कधी जायचं? माणूस घरात असतो, ताट मांडलेलं असतं. आणि रिकाम्या हाताने जातात का कोणाकडे? कौसल्येने सुक्या बोंबलाचं कालवण केलं, मोठा डबा भरला. मीराबाई म्हणाल्या, मी पण येते, सोयरिकीच्या घरी बाईमाणसाने एकटं जाऊ नये. म्हटलं, मी आहे ना. म्हणाल्या, तुम्ही धरून एकटंच. संघर्षला पत्ता नाही, तो क्रिकेट खेळायला गेलेला.

टॉवरच्या गेटवर वॉचमन. "अपॉइंटमेंट है?" म्हटलं, "भाई, अपॉइंटमेंट हो तो ड्रॉप इन कैसे होगा?" त्याने इंटरकॉम लावला आणि चेहरा विचित्र करून म्हणाला, "जाइए। अंदर से बोला, कोई भी हो, भेज दो।" लिफ्टमध्ये एक बाई कुत्र्याला घेऊन उभी. कुत्रा डब्याकडे बघून असा रडायला लागला की ती बिचारी मधल्याच मजल्यावर उतरली.

दार उघडलं एका म्हाताऱ्याने. हितेंद्ररावांचे वडील, दगडूकाका. लुंगी, बनियन, हातात रिमोट. अख्खी नोकरी गिरणीत काढलेला मालवणी माणूस, आता पंचवीस मजले वर नेऊन ठेवलेला. मी म्हटलं, "जय भीम, काका." म्हातारा क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "जय भीम, जय भीम. ये रे बाबा, ये. ह्या घराची बेल फकस्त पार्सलवालो वाजयता."

आणि आत सोफ्यावर हितेंद्रराव. हाफ चड्डी आणि तोंडावर काळा लेप! कोळशाचा असतो म्हणे, त्वचा उजळते. मला बघून ताडकन उभे. "बाबुराव? ओह... वुई वेअर जस्ट हेडिंग आऊट!"

हेडिंग आऊट. बाहेर पडतोय. अर्थ मला पाठ होता! पण तोंडाला लेप फासून माणूस कुठे बाहेर पडतो, मला सांगा? म्हातारा म्हणाला, "खंय भायर पडतंस रे? सकाळधरून सोफ्यार लोळतंस." तोपर्यंत आमची कौसल्या मीराबाईंना घेऊन किचनमध्ये. डबा गॅसवर. पूर्वीची आई आधी दचकली, पण वास दरवळला तशी मुकाट्याने ताटं काढायला लागली.

म्हातारा जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि लगोलग दुसरा घेतला. मग विचारलं, "पोरांचा काय ठरला?"

हितेंद्रराव ओठ न हलवता म्हणाले, "बाबा, वुई आर थिंकिंग इट ओव्हर." लेप वाळत आला होता ना.

तेव्हा मग मी इंग्लिश सोडलं. म्हटलं, "हितेंद्रराव, माझ्या भिंतीवरचा फोटो तुम्ही बघितलात. तो तिथेच राहणार आहे. त्याच्याच जोरावर आम्ही शिकलो, माझा पोरगा तुमच्या मुलीच्या शेजारच्या टेबलावर बसला. तुमचं उत्तर नाही असेल तर मराठीत सांगा. मी जाऊन पोराला मराठीत सांगतो. पण त्याला गॅलरीत ताटकळत ठेवू नका."

तेवढ्यात पूर्वी तिच्या खोलीतून बाहेर आली, सरळ कौसल्येच्या बाजूला पाट ओढून बसली, म्हणाली, "काकू, मला पण वाढा." म्हाताऱ्याने वाटी पुढे केली, "माका अजून वाढ गो," आणि मुलाकडे बघून म्हणाला, "तुका नाय म्हणूचा आसात तर ह्येंच्या तोंडार म्हण. जमना नाय? मगे हो म्हण."

आणि हितेंद्रराव! बोलायला गेले, तर लेप असा कडक झालेला की तोंडच उघडेना. डोळ्यांत मात्र पाणी. कोळशामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. वरून खाली. एकदा, आणि मग परत एकदा. पूर्वीची आई म्हणाली, "हो म्हणतायत." इतक्या इंग्लिशच्या नंतर माणसाने उत्तर दिलं, तेही मुक्याने!

साखरपुडा झाला गेल्या महिन्यात. झकास झाला. आणि तिथे, आता काय सांगू, जिलबी खाऊन मी जरा रंगात आलो होतो, मी दगडूकाकांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "काका, घर आपलंच आहे. ड्रॉप इन करा कधीपण."

म्हातारा रोज येतो. रोज! दुपारी, मी जरा आडवा झालो की काठीचा आवाज जिन्यावर. पलंगाच्या कडेला बसतो, "चाय ठेव गो," म्हणतो आणि गिरणीतल्या गोष्टी सुरू करतो, त्या संध्याकाळपर्यंत संपत नाहीत. काल मी धीर केला. म्हटलं, "काका, या हो, कधीही या, पण येण्याआधी जरा फोन केलात तर..."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, लुंगीला पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मगे म्हणूचा कशाक?"

अर्थ मला पाठ होता. मी उशी उचलली आणि सरकून जागा करून दिली.