प्रागच्या पुलावरचं कुलूप

हसू नका, पण लग्नानंतर आम्ही दोघं पार प्रागले फिरायले गेलो, अन् तिथंही मधात गोटमारच आली.

एका लहानशा पुलाच्या कठड्याले नुसती कुलपं लटकून होती. विकणारी बाई इंग्रजीत म्हणाली, "नवराबायकोनं कुलूप लावायचं अन् चाबी नदीत टाकायची. मग प्रेम टिकते." आम्ही एक लावलं. तिनं सहज विचारलं, "तुमच्या गावच्या नदीवर प्रेम करणाऱ्यांसाठी काय करतात?"

मी बायकोकडे पाहिलं. मी पांढुर्ण्याचा, ती नदीपलीकडच्या सावरगावची. म्हणतात, आमच्या एका पोरानं त्यांची पोरगी पळवली अन् नदीतच दोघं दोन्ही काठांवरच्या गोट्यांनी मेले. त्यांच्या आठवणीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं अजूनही एकमेकांवर गोटे फेकतात, तीच ही गोटमार. माझ्या कपाळावरची ही खूण हिच्या सख्ख्या भावाच्या गोट्याची. तीही लग्नानंतरची.

"जत्रा भरते," बायको म्हणाली.

"अरे वा! काय करता जत्रेत?"

 मी चटकन चाबी फेकली. हाताले सवय दुसरीच. चाबी पाण्यात पडलीच नाही, समोरच्या काठावरच्या भिंतीवर जाऊन खणकन वाजली.

बायकोनं त्या काठाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अहो, इतक्या जोरानं काहून फेकून राहिले? तिथं काही माझं माहेर नाही."