तिसऱ्या कपाबाबत

मी सारजाबाई कडुबा खरात, वय आधार कार्डावर एकोणसत्तर, विधवा, धंदा घरकाम, राहणार सिडको, जुनी रो-हाऊस, मूळ गाव करमाड. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते, की कचरू मेकॅनिक यांना आज दुपारी शेजारच्या बंद घराच्या खिडकीशी पकडलं, ते चोर नाहीत. त्यांना मीच बोलावलं होतं.

माझे मालक जयंतीला भीमगीतं गायचे. ते वारल्यावर त्यांची मशीन, म्हणजे आवाज मोठा करायचा अॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला टेप, पुढच्या खोलीत तशीच आहे. घरीच भरलेली त्यांची एक कॅसेट मी रोज दुपारी लावते. यंदा जयंतीच्या आवराआवरीत मशीन फडक्यानं पुसली आणि शेजारच्या यमुनाबाईंनी विणून दिलेलं झाकण अॅम्प्लिफायरवर परत घातलं. लोकरीचं आहे, मोरपंखी, लई बारीक काम. तेव्हापासून टेपचा दिवा लागायचा, कॅसेट फिरायची, पण आवाज नाय. तरी मी लावायचे आणि समोर बसून भाजी निवडायचे. फिरताना दिसायची, तेवढंही बरं वाटायचं.

कचरूभाऊंचं दुकान गुलमंडीत आहे. मालकांच्या गाण्याला ते ढोलकी वाजवायचे. आज येऊन त्यांनी फ्यूज पाहिला, चांगला. स्पीकर स्वतःच्या रेडिओला जोडले, वाजले. मग म्हणाले, "वहिनी, टेपवरची आवाजाची सुई तर हालतीय. आवाज निघतोय. मग जातोय कुठं?" मी म्हणाले, "मेकॅनिक तुम्ही का मी?" त्यांनी झाकण काढलं. त्याखाली स्पीकरची दोन बटणं, एकेका जोडीचं एकेक. पुसताना पहिलं सुटलं होतं आणि दुसरं दाबलं गेलं होतं. "दुसरे स्पीकर कुठं हायेत?" मी सांगितलं, नाहीत. "मग ही वायर?"

वायर आमच्या खिडकीतून निघून यमुनाबाईंच्या खिडकीत जाते. त्यांचे मालक मधुसूदनराव अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना पडल्या पडल्या गाणं ऐकता यावं म्हणून आमच्या मालकांनी कपड्याच्या तारेला गुंडाळून नेली होती आणि उशाशी दोन स्पीकर ठेवले होते. मधुसूदनराव गेले, यमुनाबाई लेकाकडं पुण्याला गेल्या, घराला कुलूप. वायर कोणी काढली नाही. मी तिच्यावर रोज धुणं टाकते आणि मीच विसरले.

कचरूभाऊ धुणं सारत सारत त्या खिडकीपर्यंत गेले आणि मला हाक मारली. मला कमी ऐकू येतं, म्हणून गजाला कान लावला. आत मालक गात होते. ऊन लई होतं, पण गज गार लागला. आपण झोपेत असावं आणि कोणी अंगणात बोलावं, तसा आवाज. लुगडी हालत होती. कचरूभाऊंची बोटं खिडकीच्या फळीवर चालत होती. इतके दिवस ते इथं गात होते आणि मी तिकडं भाजी निवडत होते.

गाणं संपल्यावर कॅसेटमध्ये ते म्हणतात, "ऐकलं का, चहा टाक. कचरू आलाय." म्हणून मी चहा टाकायला घरात गेले.

तेवढ्यात पोलीस आले. समोरचे नवीन भाडेकरू अतुल यांना रोज दुपारी बंद घरात माणूस ऐकू यायचा, आज खिडकीशीही दिसला, म्हणून त्यांनी फोन केला. बरोबर केलं, शेजार असाच पाहिजे. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. यमुनाबाईंना, हे लिहून घेणाऱ्या ठाण्यातल्या मेघा मॅडमनी फोन लावून विचारलं. त्यांनी वायर आमचीच आहे असं सांगितलं, आणि ती काढू नका, असंही सांगितलं.

साहेबांनी विचारलं, घरात इसम दोन, ओट्यावर भरलेले कप तीन, तर तिसरा कोण व कुठं पळाला. तिसरं कोणी पळालेलं नाही. चहा ज्यांनी टाकायला सांगितला, त्यांचा कप मी भरला.

कचरूभाऊ बाहेर बाकावर बसलेत. त्यांना शुगर आहे, त्यांना सोडावं. त्यांच्याकडून मला दोन्ही बटणं एकदम दाबून घ्यायची आहेत.

वरचं सगळं मेघा मॅडमनी मोठ्यानं वाचलं, मी ऐकलं, माझ्या तोंडचं आहे. सुरुवातीला विधवा लिहिलंय, तेही कागदापुरतं बरोबर आहे.

सही: सारजाबाई