चौथं शील

...आणि वर मलाच विचारतात हो! “ज्ञानोबाजी, तुम्ही त्यांना डोंगर चढू कसं दिलं?” आता मी काय त्याला दोरीनं बांधून ठेवणार होतो? आमचा उत्तम एकसष्ट वर्षांचा, रेल्वेत गार्ड म्हणून हयात काढलेला, अख्खी मालगाडी हिरव्या झेंडीवर सोडणारा, तो माझं ऐकणार? मी म्हटलं होतं, उत्तम, गाडीतच बस!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं आम्ही जातोय. दर बुद्धपौर्णिमेला जयपूरहून बैराटला. मी झोटवाड्याहून, तो जगतपुऱ्याहून, म्हणजे शहराच्या दोन टोकांहून, आणि पूर्वी काय लवाजमा असायचा! दोन्ही बायका, पोरं, चार डबे, सतरंजी, आणि खिडकीसाठी त्याची मयूरी अन् माझा मंगेश यांची अशी मारामारी की ड्रायव्हर म्हणायचा, “अंकलजी, पहले इनका फैसला कर लो, फिर गाडी चलाऊँगा.” डोंगरावर मारुती आहे माझा, आणि माथ्यावर जुन्या स्तूपाचे अवशेष, ते याचे. मी मारुतीपुढे हात जोडायचो आणि हा बाहेर कट्ट्यावर बसून ओरडायचा, “आटप रे, दशम्या गार होतायत!” मग त्याची वंदना, तेव्हा मी मागे उभा. तो म्हणायचा जयभीम, मी म्हणायचो रामराम, बावीस वर्षांत एकदाही भांडण नाही... म्हणजे भांडण झालं, पण ठेच्यावरून!

आता पोरं गेली पुण्या-बेंगळुरूला, बायकांचे गुडघे गेले, राहिलो आम्ही दोघं. त्यात फेब्रुवारीत याला हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, जिना चढायचा नाही. जिना! आणि याचं टुमणं सुरू, बैराटला जायचंच. विमलवहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भावजी, तुमच्या भरवशावर पाठवते हं.” मी छाती काढून म्हटलं, “वहिनी, खाली गाडीत बसवतो त्याला, वर मी जातो.” आणि त्यानंही शहाण्या पोरासारखी मान डोलावली. “पायथ्यालाच बसेन गं, शप्पथ!”

मग ठरलं काय, की फुलं मी न्यायची आणि वंदना मी म्हणायची. आता मला कुठे येते पाली? मागे उभं राहून बावीस वर्षं मी फक्त दशम्यांचा विचार केलेला! तर म्हणाला, “फोनवर मी सांगतो, तू म्हण.” पुन्हा एकदा मी म्हटलं, उत्तम, गाडीतच बस. म्हणाला, “बसलोच आहे ना! जा आता.”

मेचं ऊन. वर पोचेपर्यंत माझीच जीभ बाहेर. फुलं ठेवली, फोन कानाला, आणि सुरू! तो खालून सांगतोय, मी वरून बोंबलतोय, आजूबाजूची मंडळी बघतायत की हा कोण वेडा फोनवर ओरडतोय. तो म्हणतोय, “हळू रे, बुद्धांना ऐकू येतं!” त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. एक, दोन, तीन... आणि फोन गेला. बॅटरी! मी ‘उत्तम, उत्तम’ करतोय, फोन काळा ठिक्कर. म्हटलं जाऊ दे, जरा सावलीत दम खातो आणि उतरतो.

मी सावलीत दम खातोय हो. आणि खाली याला वाटलं, मीच पडलो.

ड्रायव्हर सांगत होता, “अंकलजी को बहुत रोका. बोले, मेरा आदमी ऊपर है.” तीस वर्षांची ड्युटी... मागे कोणी राहिलं नाही ना, हे बघितल्याशिवाय हा झेंडी दाखवायचा नाही! पायऱ्यांवर डोकं दिसलं मला, घामानं निथळलेलं. पहिलं वाक्य काय? “गाढवा, फोन का उचलत नाहीस?” आणि खाली बसला.

मी म्हटलं होतं ना, गाडीतच बस...

वीस मिनिटं. माणसं धावली, कोणी पाणी, कोणी वारा. शर्टाची बटणं त्यानं स्वतःच ओढून तोडली, श्वासासाठी. माझं मनगट असं धरलं होतं की चार दिवस वळ होते. खाली आणेपर्यंत संपलं.

तेराव्या दिवशी वहिनींपुढे बसलो. म्हटलं, शिव्या द्या, काहीतरी बोला. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग मीच म्हटलं, “वहिनी, वंदनाही अर्धीच राहिली हो, चौथ्या शीलाला फोन गेला.” तर त्या चक्क हसल्या! “भावजी, चौथं ते कधी म्हणतच नव्हते. खोटं बोलणार नाही असं वचन देऊन संसार होतो का, म्हणायचे. तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर.”

आणि मग हळूच विचारलं, “शेवटी त्रास झाला का त्यांना?”

मी म्हटलं, “छे! बसला, हसला, आणि गेला.”

त्यांच्या मांडीवर तोच शर्ट होता, दवाखान्यानं पिशवीत घालून दिलेला. बटणं तुटलेला. त्यावर हात फिरवत म्हणाल्या, “बरं झालं.” आणि फोन उचलून मयूरीला सांगितलं, “बाबांना जराही त्रास झाला नाही हं, काकांनी बघितलंय.”

आता दर रविवारी वहिनींना विहारात मीच नेतो. सगळे जण पाचही शीलं म्हणतात, मला आता पाठ झालीयत. पण काय करणार... चौथं आलं की मला खोकला येतो. गेल्या रविवारी खोकता खोकता शेजारी कान दिला, तर वहिनीसुद्धा खोकत होत्या!